दुखण्याची गोळी घेताना नाजूक पोट कसे सांभाळावे

बेळगावच्या दक्षिण भागात माझे औषधांचे दुकान आहे. शहापूर-वडगावचे विणकर, उद्यमबागेतील फाउंड्रीत काम करणारे कामगार, खानापूर तालुक्यातून बाजाराला आलेल्या बायका आणि निवृत्त शिक्षक असे सगळेच दिवसभरात येऊन जातात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची मागणी एकच असते : "कंबर धरली आहे, गोळी द्या, पण पोटाला सोसेल अशी द्या." या मागणीला एका वाक्यात उत्तर देता येत नाही. पोटाला सोसणे हे गोळी कोणती यावर जेवढे अवलंबून असते, तेवढेच ती कोणाच्या पोटात जाते, तिच्यासोबत आणखी काय जाते आणि ती किती दिवस जाते यावरही असते.

मला हे पुस्तकातून ठाऊक होते, पण खऱ्या अर्थाने कळले ते माझ्या मावशीमुळे. तिचे वय तेव्हा अडुसष्ट होते आणि दोन्ही गुडघे झिजलेले होते. दिवाळीला ती मुलाकडे कोल्हापूरला गेली असता तिथल्या डॉक्टरांनी तिला एक गोळी लिहून दिली. परत आल्यावर इथल्या डॉक्टरांची जुनी गोळीही तिने चालूच ठेवली, कारण दोन्ही पट्ट्यांवरची नावे वेगळी होती, रंग वेगळे होते, आणि एक "गुडघ्याची" तर दुसरी "कमरेची" अशी तिची समजूत होती. शौचाला काळे होत होते, पण ते लोहाच्या गोळीमुळे असेल असे तिला वाटले. एके दिवशी पहाटे परसात चक्कर येऊन ती पडली. दवाखान्यात नेल्यावर जठरात व्रण असून त्यातून रक्त जात असल्याचे कळले आणि रक्त चढवावे लागले. नंतर मी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून पाहिल्या, तर दोन्हींत असेक्लोफेनॅकच होते. त्यांतली एक पट्टी माझ्याच दुकानातून गेली होती, आणि देताना "आणखी काय चालू आहे?" हा प्रश्न मी विचारला नव्हता. तेव्हापासून तो प्रश्न विचारल्याशिवाय मी दुखण्याची गोळी देत नाही.

सीमाभागातल्या घरांत हे सहज घडते. निपाणीचा माणूस सकाळी कोल्हापूरला दाखवतो, नातेवाईक त्याला मिरजेला नेतात, तापसर्दीला गावातलाच दवाखाना असतो आणि शस्त्रक्रिया बेळगावला होते. प्रत्येक ठिकाणची चिठ्ठी वेगळी असते आणि सगळ्या चिठ्ठ्या एकत्र पाहणारे कोणीच नसते. म्हणून पुढे सांगितलेल्या कामांची सुरुवात दवाखान्यात न करता स्वतःच्या घरात करावी.

पहिले काम : सगळ्या गोळ्या एका ताटात

एक मोठे ताट घ्यावे आणि घरात एका माणसासाठी जेवढ्या गोळ्या, पातळ औषधे, मलमे आणि पुड्या आहेत त्या सगळ्या त्यात ओताव्यात. उशीखालची पट्टी, देवघरातल्या डबीतली सुटी गोळी, प्रवासाच्या पिशवीतली सर्दीची गोळी आणि शेजारणीने दिलेली पुडी यांपैकी काहीच सोडू नये. मग प्रत्येक पट्टी उलटी करून मोठ्या अक्षरांतले कंपनीचे नाव बाजूला ठेवावे आणि आतल्या औषधाचे नाव वाचावे. इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाला मोठ्याने वाचायला सांगावे, कारण इथे कानाने ओळखता येईल अशी एक खूण आहे. ज्या नावाचा शेवट 'फेनॅक', 'प्रोफेन', 'ऑक्सिकॅम' किंवा 'कॉक्सिब' असा ऐकू येतो, ते औषध सूज आणि वेदना कमी करणाऱ्या एकाच मोठ्या कुटुंबातले असते. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, पिरॉक्सिकॅम आणि एटोरिकॉक्सिब ही त्यांतली नेहमीची नावे होत. नॅप्रोक्सेन, निमेसुलाइड, मेफेनॅमिक अ‍ॅसिड, केटोरोलॅक आणि अ‍ॅस्पिरिन यांचे शेवट वेगळे असले तरी तीही याच कुटुंबातली आहेत. या लेखात मी त्यांना 'सूजनाशक गोळ्या' म्हणेन.

ताटात या कुटुंबातले दोन सदस्य एकत्र दिसले, तर त्यांतला कोणता ठेवायचा हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे. दोन सूजनाशक एकत्र घेतल्याने गुण दुप्पट येत नाही, पोटाचा धोका मात्र वाढतो. याला अपवाद हृदयविकारासाठी दिलेल्या छोट्या अ‍ॅस्पिरिनचा आहे. ती मनाने कधीही बंद करू नये, पण ती चालू असताना वर दुसरी सूजनाशक गोळी घेणे पोटाला अधिक जड जाते, आणि आयबुप्रोफेनमुळे अ‍ॅस्पिरिनचा हृदयासाठीचा उपयोगही कमी होऊ शकतो, हे डॉक्टरांना ती दाखवून बोलावे.

पॅरासिटामॉलही असेच मोजावे. बाजारातल्या पुष्कळ दुखण्याच्या गोळ्या मिश्र असतात. असेक्लोफेनॅकसोबत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, सर्दीच्या गोळीत पुन्हा पॅरासिटामॉल आणि तापाच्या गोळीत ६५० मिलिग्रॅम असे नकळत साचत जाते.

किराणा दुकानातून कापून मिळालेली एकटी गोळी या ताटात ओळखूच येत नाही, कारण नाव आणि मुदत दोन्ही दुकानदाराकडे उरलेल्या पट्टीवर राहिलेली असतात. अशी गोळी टाकून द्यावी. सुटी गोळी घ्यायचीच असेल, तर नाव आणि तारीख असलेली कड आपल्याकडे राहील अशी कापून मागावी. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुडीबद्दल तर मी आग्रहाने सांगतो : दोन दिवसांत "जादूसारखा" आराम देणाऱ्या अशा पुड्यांत स्टिरॉइड किंवा सूजनाशक औषध मिसळलेले सापडल्याची उदाहरणे आहेत, आणि ही दोन्ही एकत्र पोटात गेली तर व्रणाचा धोका फार वाढतो.

पोटाला नेमके काय होते

जठरातले आम्ल इतके तीव्र असते की ते स्वतः जठरालाच जाळू शकले असते. तसे होत नाही, कारण प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये जठराच्या आतल्या त्वचेवर बुळबुळीत थर टिकवतात, आम्ल मारणारा क्षार स्रवू देतात आणि तिथला रक्तपुरवठा चांगला ठेवतात. याच जातीची द्रव्ये दुखऱ्या सांध्यात सूज आणि वेदना वाढवतात. सूजनाशक गोळी त्यांची निर्मिती थांबवते. जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये हे दाखवून दिले आणि १९८२ चे नोबेल पारितोषिक त्यांना आणखी दोघांसोबत मिळाले. गुडघ्यातली निर्मिती थांबते तेव्हा जठरातलीही थांबते, म्हणजे आराम आणि अपाय एकाच वाटेने येतात.

यातून एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण तिच्याबद्दलचा गैरसमज आपल्या भागात फार पसरलेला आहे. "गोळी पोटात जळते, त्यापेक्षा सुई बरी" असे लोक म्हणतात आणि डॉक्टरांकडे सुईचा हट्ट धरतात. डायक्लोफेनॅकची सुई कमरेत टोचली तरी ते औषध रक्तातून जठरापर्यंत पोहोचते आणि तिथला संरक्षक थर कमी करतेच. जेवणानंतर गोळी घेतल्याने मळमळ आणि जळजळ कमी होते, म्हणून तसे घ्यावे हे योग्य आहे, परंतु पोट भरलेले असले म्हणजे व्रण होणार नाही अशी खात्री धरता येत नाही. शिवाय व्रण प्रत्येक वेळी दुखतोच असे नाही. वयस्कर माणसांत तर पहिली खूण थेट रक्तस्रावच असू शकते, जशी ती माझ्या मावशीला झाली.

आपले पोट किती नाजूक, हे कसे ठरवावे

पुढच्यांपैकी काही लागू पडत असेल तर डॉक्टरांना न विचारता सूजनाशक गोळी घेऊच नये : पूर्वी कधी अल्सर झाला असेल किंवा शौचातून रक्त गेले असेल, वय साठ-पासष्टच्या पुढे असेल, रक्त पातळ करणारे औषध, स्टिरॉइड, छोटी अ‍ॅस्पिरिन किंवा नैराश्यावरच्या काही गोळ्या चालू असतील, मूत्रपिंड, यकृत किंवा हृदयाचा आजार असेल, स्त्री गर्भवती असेल. यांतली दोन कारणे एकत्र आली तर धोका बराच वाढतो. विडी-सिगारेट आणि दारू यांनी तो आणखी चढतो. धूम्रपान चालू असेल तर झालेला व्रण भरायलाही वेळ लागतो, त्यामुळे दारू आणि तंबाखूची सवय डॉक्टरांपासून लपवू नये.

हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा एक जंतूही तपासून घ्यावा. जठराचे व्रण केवळ काळजी आणि तिखटामुळे होतात असे फार काळ मानले जात होते, पण बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी हा जंतू शोधून काढला आणि त्यासाठी त्यांना २००५ चे नोबेल मिळाले. हा जंतू पोटात असताना सूजनाशक गोळी सुरू झाली तर व्रणाची शक्यता वाढते. ज्यांना पूर्वी अल्सर झाला आहे आणि ज्यांना महिनोन् महिने गोळी लागणार आहे, त्यांनी आधी श्वासाची किंवा शौचाची चाचणी करून घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारावे. जंतू सापडल्यास प्रतिजैविकांचा ठरावीक दिवसांचा उपचार असतो.

आधी बाहेरून, मग आतून

दुखणे एका-दोन सांध्यांपुरते असेल तर सुरुवात मलमाने करावी. डायक्लोफेनॅकच्या जेलमधून रक्तात जाणारे औषध गोळीच्या मानाने सुमारे सहा टक्केच असते, त्यामुळे पोटावरचा भार फार हलका राहतो. मात्र आपण ते चण्याएवढे बोटावर घेऊन चोळतो आणि "मलमाने काही होत नाही" असे म्हणून सोडून देतो. गुडघ्याला दोन ते चार ग्रॅम, म्हणजे निदान एका मोठ्या बोराएवढे जेल दिवसातून तीन-चार वेळा हलक्या हाताने लावावे, आणि गुण यायला आठवडाभर थांबावे. जखमेवर लावू नये, लावल्यावर हात धुवावेत, आणि त्यावर लगेच शेक किंवा घट्ट पट्टी देऊ नये. शेक वेगळ्या वेळी द्यावा. तव्यावर गरम केलेल्या जाड्या मिठाची पुरचुंडी आपल्या घरांत पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे आणि आखडलेल्या कमरेला ती खरोखर उपयोगी पडते, फक्त आधी तळहाताच्या मागच्या बाजूला लावून उष्णता पाहावी, विशेषतः मधुमेह्याच्या पायाला देताना. ताज्या मुरगळण्याला पहिले दोन दिवस शेक न देता थंड पट्टी द्यावी.

तरीही गोळी लागलीच तर नाजूक पोटाच्या माणसासाठी पहिली निवड पॅरासिटामॉलची असते, कारण ते जठराचा संरक्षक थर फारसा बिघडवत नाही. प्रौढ माणसाने एका वेळी ५०० ते ६५० मिलिग्रॅम घ्यावे आणि दोन गोळ्यांत निदान सहा तासांचे अंतर ठेवावे. निरोगी प्रौढाची चोवीस तासांची कमाल मर्यादा चार ग्रॅम सांगितली जाते, परंतु घरच्या घरी घेताना तीन ग्रॅमच्या आत राहणे शहाणपणाचे आहे. वजन पन्नास किलोपेक्षा कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू घेण्याची सवय असेल तर मर्यादा आणखी खाली येते आणि ती डॉक्टरांनीच ठरवावी. पोटाला सौम्य असलेले हे औषध जास्त झाले तर यकृत निकामी करू शकते, आणि पहिल्या दिवशी त्याची फारशी जाणीवही होत नाही. गुडघ्याच्या झिजेत पॅरासिटामॉलचा गुण थोडाच येतो हेही खरे आहे; तो न आल्यास मात्रा वाढवत न बसता डॉक्टरांकडे जावे.

सूजनाशक गोळी घ्यावीच लागली तर

डॉक्टरांनी सांगितलेली सर्वांत कमी मात्रा, सर्वांत कमी दिवस, हा इथला नियम आहे. दुखणे थांबले की गोळी थांबवावी. "कोर्स पूर्ण करायचा" हा नियम प्रतिजैविकांसाठी आहे, दुखण्याच्या गोळीसाठी नाही. या कुटुंबातही फरक आहेत : कमी मात्रेतले आयबुप्रोफेन पोटाला तुलनेने सौम्य मानले जाते, तर केटोरोलॅक आणि पिरॉक्सिकॅम अधिक जड. 'कॉक्सिब' जातीच्या गोळ्या जठराला कमी त्रास देतात, परंतु हृदयविकार किंवा अर्धांगवायू झालेल्यांना त्या चालत नाहीत. याच जातीचे रोफेकॉक्सिब २००४ मध्ये हृदयावरील परिणामांमुळे बाजारातून काढून घेतले गेले. निमेसुलाइड तर बारा वर्षांखालील मुलांना द्यायला भारतात २०११ पासून बंदी आहे, त्यामुळे घरात मोठ्यांसाठी आणलेली ती गोळी तोडून मुलाच्या तापाला देऊ नये.

गोळी जेवण झाल्यावर, बसून, पूर्ण तांब्याभर नाही तरी एक मोठा पेला पाण्याबरोबर घ्यावी आणि अर्धा तास आडवे होऊ नये. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या एका घोटात गिळलेली गोळी अन्ननलिकेत अडकून तिथेच जखम करू शकते. ज्या गोळीवर आम्लात न विरघळणारे आवरण असते ती तोडू किंवा कुटू नये. गोळी घेतल्यावर जळजळ झाली की लोक दूध पितात किंवा सोडा घेतात. दुधाने काही वेळ थंड वाटते आणि नंतर आम्ल पुन्हा वाढते. सोड्यातले सोडियम रक्तदाबाच्या रुग्णाला चांगले नाही. दोन्हींमुळे खूण झाकली जाते आणि आतला व्रण तसाच राहतो.

उन्हात ऊसतोडणी किंवा लावणी करून आलेल्या, पाणी कमी प्यायलेल्या माणसाने लगेच सूजनाशक गोळी घेऊ नये, कारण त्या वेळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही प्रोस्टाग्लँडिनवरच टिकून असतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारी गोळी यांच्या जोडीला सूजनाशक गोळी आली की मूत्रपिंड अचानक बिघडू शकते. तापासोबत सांधे दुखत असतील तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल घ्यावे. २००६ मधली चिकुनगुनियाची साथ कर्नाटक-महाराष्ट्रातल्या लोकांना आठवत असेल. तो ताप आणि डेंग्यू सुरुवातीला सारखेच दिसतात, आणि डेंग्यूत सूजनाशक गोळीने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

'गॅसची गोळी' कधी आणि कशी

आपण जिला गॅसची गोळी म्हणतो ती पँटोप्राझोल, ओमेप्राझोल किंवा राबेप्राझोल अशी आम्ल कमी करणारी गोळी असते. धोका जास्त असलेल्या माणसाला सूजनाशक औषध द्यावेच लागले तर डॉक्टर तिची जोड देतात आणि त्यामुळे जठर व त्याला लागून असलेल्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे व्रण पुष्कळ टळतात. ती सकाळी उपाशीपोटी, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. दोन्ही गोळ्या जेवणानंतर एकाच घोटात घेणारे लोक मी रोज पाहतो. तसे घेतल्यास तिचा पुरता उपयोग होत नाही. ती लहान आतड्याच्या त्यानंतरच्या भागाचे रक्षण करत नाही, आणि वर्षानुवर्षे विचारल्याशिवाय चालू ठेवल्यास बी-१२ व मॅग्नेशियम कमी होऊ शकते. म्हणून सूजनाशक गोळी थांबली की ही किती दिवस चालू ठेवायची तेही विचारून घ्यावे.

खालच्या आतड्याची तक्रार असेल तर

सगळीच नाजूक पोटे जळजळीची नसतात. ज्यांना आतड्याच्या सुजेचा जुना आजार आहे, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन, त्यांचा आजार सूजनाशक गोळ्यांनी उसळू शकतो, त्यामुळे त्यांनी आपल्या पोटाच्या डॉक्टरांनाच विचारावे. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेल्या गोळ्यांनी व्रण होत नाही, परंतु मळमळ, झोप आणि घट्ट बद्धकोष्ठता होते. तिथे पाणी कमी पिऊन इसबगोल घेतल्यास पोट आणखी अडते. अशा वेळी आतड्याला चालना देणारे रेचक लागते आणि ते गोळी सुरू होतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

दवाखान्यात काय सांगावे

भिंतीवरच्या दिनदर्शिकेशेजारी एक वही खिळ्याला दोरीने बांधून ठेवावी. तारीख, वेळ, औषधाचे आतले नाव, किती मिलिग्रॅम, कशासाठी, आणि त्या दिवशी पोट व शौच कसे होते, एवढेच लिहावे. कोल्हापूरच्या डॉक्टरांना इथली पाने आणि इथल्या डॉक्टरांना तिकडची पाने दाखवावीत.

वयस्कर मराठी माणसाला कधी कन्नड डॉक्टरांसमोर एकटे बसावे लागते. इथले बहुतेक डॉक्टर मराठी समजून घेतात, तरी काही शब्द हाताशी असावेत. पोटात जळजळ म्हणजे 'होट्टे उरी', छातीत जळजळ म्हणजे 'एदे उरी', पोटातला व्रण म्हणजे 'होट्टे हुण्णु', रक्ताची उलटी म्हणजे 'रक्त वांती', आणि शौचाला काळे होते हे सांगायला 'मल कप्पागिदे'. गोळी घेताना 'ऊटक्के मुंचे' म्हणजे जेवणाआधी आणि 'ऊट आद मेले' म्हणजे जेवणानंतर. शेवटचे दोन शब्द पट्टीवर मराठीत लिहून घ्यावेत.

थांबायचे नाही अशा खुणा

शौच डांबरासारखे काळे, चिकट आणि उग्र वासाचे होणे. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखे काही दिसणे. अचानक सुरीने कापल्यासारखे पोट दुखून ते फळीसारखे कडक होणे. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन घाम सुटणे. यांतले काहीही झाले तर गोळी तिथेच थांबवावी आणि रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये. लोहाच्या गोळीनेही शौच काळसर होते, पण ते सहसा डांबरासारखे चिकट नसते आणि तसा उग्र वासही येत नाही. तरीही लोह आणि सूजनाशक दोन्ही चालू असतील तर घरात अंदाज बांधत न बसता तपासून घ्यावे. रुग्णवाहिकेसाठी कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही १०८ हाच क्रमांक लागतो. गाडी येईपर्यंत माणसाला आडवे झोपवावे, उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे, तोंडाने काही देऊ नये, आणि पहिल्या कामात ज्या ताटात सगळ्या गोळ्या काढल्या होत्या, ते तसेच एका पिशवीत रिकामे करून वहीसह सोबत द्यावे.